घोडा कुठे गेला

वामनराव सरांचं दुकान म्हंजे पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास आन् मागच्या खोलीत वाचनालय. पुढे दिवसभर इंग्रजी मशिनी खडखडत. मराठी मशीन एकच होती. महाराष्ट्र झाला तवा सरांनी मोठ्या आशेनं घेतली, का आता सरकारी कामं मराठीत होतील आन् अकोल्याची पोरं तिच्यावर तुटून पडतील. कोनी आलं नाही. मंग ते मशीन मागे माह्या टेबलावर आली. मी रिकाम्या वेळात तिच्यावर ठोकत बसलो. आधी एका बोटानं, मंग दोन.

मले कोनी शिकवलं नाही. सातवीत मी दोनदा बसलो आन् शाळा सुटली. बाकीचं मी सरांच्या कपाटातून शिकलो, आन् कपाटात होत्या कादंबऱ्या. जादूच्या आन् प्रेमाच्या. त्यामुळं मले व्याजाचं गणित येत नाही, पन राक्षसाचा जीव कोनकोन्या वस्तूत लपवता येते ते सगळं येते.

माय आन् बाबा गावाकडे, मूर्तिजापूरच्या पुढे लहान आगगाडीच्या रस्त्यावर. छप्पनले नागपूरहून दीक्षा घेऊन आले तवापासून बाबाचं एकच, शीक आन् नोकरी पकड. मी पकडली वामनरावांची. अकोल्यात राहे कापसाच्या जिनिंगमधल्या दोघांसंग एका खोलीत. ते पाळीवरून येत, जेवत आन् झोपत. त्याईचा दोष नाही. पन एखादी कादंबरी वाचून डोकं भणभणलं असलं, आन् कोनाले तरी सांगावंसं वाटलं, तं समोर दोन घोरणारी मानसं. मी एकदा सांगून पाह्यलं. त्यातला एक म्हने, मोत्या, दिवा घालव.

पोरी येत शनिवारी. सकाळची शाळा सुटली का दोघी-तिघी मिळून, वेण्या वर बांधलेल्या, दप्तरं छातीशी. पुस्तकाचं नाव घ्याची त्याईले लाज वाटे. नुसत्या म्हनत, द्या काहीतरी चांगलं. आता चांगलं म्हंजे काय समजाव मानसानं? मंग मी विचाराले लागलो, "राक्षस पाहिजे का रडू?"

राक्षस म्हंजे जादूचं. रडू म्हंजे प्रेमाचं. मंग बारीक चौकशी. एकीले राक्षस पाहिजे पन तो मेला नाही पाहिजे, सुधारला पाहिजे. एकीले रडू पाहिजे पन सैपाकघरात वाचता येईन असं, म्हंजे डोळ्यात पानी आलं तं कांद्यावर ढकलता आलं पाहिजे. मी उठून कपाटातून बरोबर ते काढून देत जाव. चुकलं असं फार कमी झालं. माह्या मागं पोरी मले राक्षसभाऊ म्हनत. म्हनू द्या. आठवडाभरात तेवढंच माह्याशी कोनी बोले.

मोरोपंत वकिलांची चारुशीला मॅट्रिकच्या वर्गात होती. पहिल्यांदा आली तवा तिलेही मी तेच विचारलं. ते म्हने, "राक्षसाला रडू येतं, असं एखादं आहे का?"

असं एकच होतं. मी धावत काढून दिलं.

त्याच दिवशी दिवेलागनीले पुस्तक परत. सुंदराबाई घेऊन आली. ते वकिलाच्या घरी धुनंभांडं करे. म्हने वकीलसायबानं सांगतलं, असलं देत नोको जाऊ. मले समजेना. त्या पुस्तकात वावगं असं काहीच नव्हतं, सगळ्या पुस्तकात कोनी कोनाचा हात बी धरत नाही.

पुढच्या शनिवारी चारुशीलानंच उलगडा केला. तिचे बाबा प्रत्येक पुस्तकाचं पहिलं आन् शेवटचं पान वाचत. खरेदीखत वाचाची सवय. वर पार्टी कोन आन् खाली सही कोनाची, एवढं पाहत. मधातलं वाचाले त्याईले वेळ नाही. आन् त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर राजकन्या राक्षसाचे डोळे पुसते आन् त्याच्यासंग अरण्यात निघून जाते.

"मधे कितीही राक्षस चालतील," ते म्हने. "शेवटी अक्षता पडल्या पाहिजेत."

झालं. त्या दिवसापासून मी कपाटं शेवटच्या पानावरून लावली. अक्षतावाली एकीकडे, बाकीची दुसरीकडे. नुसत्या तिच्यासाठी. सर म्हनाले हे काय लावलं बुवा, मी म्हनलं नवीन पद्धत आहे.

आता भाड्याच्या पुस्तकाचं एक असते. त्याचं शेवटचं पान आधी जाते. पुस्तक पालथं ठेवतात, उशाखाली घेतात, पोट्टे ओढतात, आन् ते पान सुटते. सरांचा नियम असा का शेवट नाही तं पुस्तक रद्दीत. मले ते पाहवे ना. म्हनून मी ते पान टाइप कराले लागलो. वाचलेलं असलं तं आठवून. नसलं वाचलेलं तं मनानं. ठोकठोक ठोकाचं, थांबाचं, कपाटाकडे पाहाचं, अजून ठोकाचं. मंग मैद्याची लई लावून चिकटवाचं. सरांनी एक पान पाह्यलं आन् म्हनाले, कागद वापर पन पाठकोरा.

पोरी ती पानं वाचत, पुस्तक परत करत, दुसरं मागत. एकीनंही कधी विचारलं नाही का हे शेवटचं पान छापलेलं काहून नाही. मले वाटे, आपुन इतकं जमवतो तं.

मंग एका शनिवारी चारुशीलानं एक जाड पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यात राजपुत्र सात डोंगर ओलांडून राजकन्येले सोडवते, आन् त्याच्यापाशी एक घोडा असते, एकडोळ्या नावाचा. शेवटचं पान माहं होतं. अक्षता, चौघडा, सगळं घातलं होतं. मोरोपंत वकिलानं पाहून मान डोलावली होती म्हने.

"मोतीरामभाऊ, हे पान तुम्ही लिहिलंत ना?"

मी लईची वाटी टेबलाखाली सरकवली.

"घोडा कुठे गेला?"

"कोनता घोडा?"

"एकडोळ्या. पुस्तकभर तो त्याला पाठीवर घेऊन फिरला. एक डोळा त्याच्यासाठीच गेला त्याचा. आणि लग्नात घोडाच नाही. कोणी त्याला साधी चंदी घालत नाही."

बाकीच्या दोघी हसल्या. ते हसली नाही. तिले खरंखुरं वाईट वाटून राहिलं असं तिचं तोंड होतं.

मी काय सांगू, मले राग यायला पाहिजे होता. पन मी त्या दिवशी खोलीवर गेलो ते पायी का उडत, मले आठवत नाही. कोनीतरी वाचलं होतं. पान न् पान. मी ज्या घोड्याले विसरलो त्याची तिनं आठवन ठेवली होती.

पान मी पुन्हा ठोकलं. मांडवाच्या दारात एकडोळ्या उभा, आन् राजपुत्र हातातला पहिला घास त्याले देते. तिनं उभ्या उभ्या वाचलं आन् म्हने, आता ठीक. मंग वर्षभर असंच चाललं. ते शनिवारी येई, मैत्रिनी पुस्तकं निवडेपर्यंत टेबलापाशी थांबे. या राजकन्येची दासी मधेच काहून गायब झाली. ती चिठ्ठी नायकानं उघडली असती तं. तेवढंच बोलनं. तिच्याविषयी माह्या मनात ते दुसरं काही होतं का? मी स्वतःले विचारून पाह्यलं. खरं सांगतो, मले तिचा चेहरा आठवाले गेलं तं आधी पुस्तक दिसे, मंग त्याच्या वरून दोन डोळे. एवढंच होतं. पन तेवढं मले लागे.

परीक्षा झाली आन् तिचं लग्न ठरलं. अमरावतीचे लोक. सुंदराबाईनंच सांगतलं, का पोरगा कालिजात शिकवते, घरात खूप मानसं हायेत, सासू कडक हाये. मी म्हनलं बरं झालं. आन् दुपारभर एकाच ओळीवर बोटं ठेवून बसलो.

तिनं शेवटचं एक पुस्तक मागून पाठवलं. विहिरीचं.

ते पुस्तक आमच्याकडं आलं तेच शेवटच्या पानाविना. कुठंच मिळालं नाही, मनानं लिहाले जमलं नाही, म्हनून मी ते सरांपासून लपवून ठेवलं होतं. गोष्ट अशी का एक पोरगी दोराले धरून कोरड्या विहिरीत उतरते, आन् खाली एक राज्य असते. दिव्यांचं. तिथं कोनी कोनाले रागवत नाही. पोरगी तिथं राहते, मोठी होते, आन् शेवटी तिले ठरवाचं असते का वर जाव का इथंच राहाव. आन् तिथंच पान संपते. चारुशीलानं ते तसंच आधी माह्या टेबलापाशी, शनिवार-शनिवार करून वाचलं होतं. आता निरोप आला, भाऊले म्हना शेवट लिहून द्या, मी लग्नाच्या आधी वाचीन.

इतकं काळजीनं मी जन्मात काही केलं नाही. मले नक्की माहीत होतं तिले काय पाहिजे. अमरावतीच्या त्या कडक सासूच्या घरी जानारी पोरगी, तिले असंच वाटत असनार ना, का एक विहीर असाव, आन् खाली उतराव, आन् पुन्हा वर येनं नाही? मलेही तसंच वाटे. मी ठोकाले बसलो. फीत सुकली होती तरी ठोकलं. फाडलं, पुन्हा ठोकलं. पुढच्या खोलीतली पोरं गेली तरी मी बसलोच.

माह्या पानात ते पोरगी खालीच राहिली. फक्त मोरोपंत वकिलाची सोय पाहाची होती. म्हनून दिवे लावले, शंख वाजवला, लोक तिले कुंकू लावून महालात नेतात असं लिहिलं. वरवर पाहनाऱ्याले वाटाव गृहप्रवेश चालू आहे. जिले समजाचं तिले समजनार. मी स्वतःवरच खुश झालो.

पुस्तक पाठवलं. लग्नाले सरांना बोलावनं होतं, मले नव्हतं. सर लाडू घेऊन आले आन् म्हनाले, वकील तुह्या निवडीची तारीफ करत होते. मांडवातही त्याईनं शेवटचं पान पाह्यलं म्हने, आन् म्हनाले, असा शेवट पाहिजे, पोरीले चांगलं वळन लागते. मी लाडू खाल्ला.

वरात अमरावतीले गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुंदराबाई आली. हातात पुस्तक. टेबलावर ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ताईनं वाचलं का?" मी विचारलं.

"हळदीच्या अंगानं वाचत बसली होती बाप्पा. सगळे कावले तिच्यावर."

"मंग?"

"मंग काय. म्हने हे भाऊले वापस दे, आन् सांग का हे बरोबर नाही."

मले वाटलं हे ऐकाले चुकली. मी म्हनलं, काय बरोबर नाही, नीट सांग.

"मले काय समजते त्यातलं. तिनं सांगतलं ते सांगतो. म्हने, त्या पोरीची माय वर विहिरीपाशी दोर धरून बसली हाये. तवापासून बसली हाये. भाऊ तिले इसरले."

मी पुस्तक उघडलं. मधातल्या एका पानावर होतं. पोरगी उतरते तवा माय दोराचं टोक मनगटाले गुंडाळते आन् म्हनते, तू सांगशीन तवा ओढीन. मंग पुढे सगळे दिवेच दिवे, आन् त्या मायचं नाव नाही. पन तिनं दोर सोडला असं कुठंही लिहिलं नव्हतं. ते पुस्तक मी कितीतरी वेळा वाचलं होतं.

"अजून काही म्हने?"

"रडली जराशी. सगळ्याच पोरी रडतात जातानी."

सुंदराबाई तिथंच टेकली. मी मशीनवरचं झाकन काढलं, पाठकोरा कागद चढवला आन् ठोकाले लागलो. पोरगी दोराले दोन हिसके देते. वरून कोनीतरी ओढते. हळूहळू ओढते, कारन म्हातारी झाली आहे. पोरीले आधी मायचं मनगट दिसते, त्याच्यावर दोराचा वळ. इथं मी थांबलो. माह्या मायच्या मनगटावर काय आहे ते मले आठवेना. पोळ्याले गेलो होतो तवा पाह्यलं असन.

"कोनासाठी ठोकून राहिला रे," सुंदराबाई म्हने. "ते तं गेली."

मी म्हनलं, पुस्तक पुरं पाहिजे.

पान चिकटवलं. अमरावतीले पाठवाचं म्हनलं तं कोनाच्या नावानं पाठवनार? त्या घरी आता पहिलं आन् शेवटचं पान कोन पाहते, मले काय माहीत. पुस्तक कपाटात गेलं. सुंदराबाईले मी विचारत राहिलो, माहेरपनाले कवा येते. ते म्हने येईन दिवाळीले. दिवाळीले आली आन् गेली. वाचनालयात लग्न झालेल्या पोरी येत नाहीत, हे मले आधी समजाले पाहिजे होतं.

विहिरीचं पुस्तक आता खूप चालते. पोरी नेतात, आनतात. चांगलं आहे म्हनतात. दोराचा विषय कोनी काढत नाही.

आता मी अजूनही शनिवारी विचारतो, राक्षस पाहिजे का रडू. अजूनही पानं ठोकतो. फक्त एक नवीन चाललं आहे, सरांना माहीत नाही. प्रत्येक शेवटच्या पानात मी कोनाले तरी मुद्दाम विसरतो. एखादी दासी, एखादा नावाडी, पिंजऱ्यातला एखादा पोपट. लग्न लागते, दिवे लागतात, आन् तो कुठंतरी मधातल्याच पानावर राहून जाते. मंग पुस्तक परत आलं का मी पोरीच्या तोंडाकडे पाहतो.

ते म्हनते, छान होतं. दुसरं द्या.

मी उठून दुसरं काढून देतो.