चित्रबाबा आणि काळी चौकट

काकूंच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे डोळे लावून बसली होती. काकूंचा मुलगा अपघातात गेला. त्याचा एक व्हिडिओ वेबसाइटवर होता आणि काकू तो रोज ब्राउझरमध्ये बघायच्या. मग एके दिवशी चेहराच नाहीसा झाला. आवाज येई, पण चौकट काळीकुट्ट. नेमकं आदल्या संध्याकाळी सुनेनं त्याच कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम केलं होतं. चित्रबाबा नावाचं प्रकरण घरात शिरायला एवढं पुरलं.

"मुलाला तोंड दाखवायचं नाहीये," बाबा घुमत म्हणाले. "घरात सुनेची वाईट सावली आहे. बाहेर काढा तिला!"

सुनेला जिन्यात उभं केलं. दाराशी तिची बॅग भरून ठेवली होती. नात मात्र आजीकडेच राहील, हेही बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी गल्लीतला शाळामास्तर, मागे बसून हे सगळं बघत होतो.

"सगळे डोळे मिटा! उघडील त्याची दृष्टी जाईल. लहरी जुळोत, पडदे फाटोत, आत्मतरंग प्रकटोत!"

वह्या तपासून माझी दृष्टी आधीच निम्मी गेलेली, म्हणून मी धोका पत्करून डोळे किलकिले ठेवले. बाबांचा एक हात हवेत, दुसरा माउसवर. त्यांनी ब्राउझरची सेटिंग उघडली, एक बटण बदललं आणि ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केला. सगळ्यांनी डोळे उघडले तर पडद्यावर मुलगा हसत होता.

काकूंनी हंबरडा फोडला. "ती बाहेर गेली आणि दिसला गं बाई!"

"काकू, तिला एकदा आत येऊ द्या," मी म्हणालो.

"नको हो मास्तर, पुन्हा जाईल तो!"

"गेला तर मी तोंड उघडणार नाही."

सून आत आली, पडद्यासमोर बसली. चेहरा जागच्या जागी.

"प्रभाव उतरायला वेळ लागतो!" बाबा घाईघाईनं म्हणाले.

मी सुनेला परत जिन्यात पाठवलं आणि तेच बटण उलटं फिरवून ब्राउझर पुन्हा सुरू केला. ती बाहेर, तरी चौकट काळी! मग तिला बोलावून तिच्याच हातानं बटण बदलून ब्राउझर पुन्हा सुरू करायला लावला. तिचा हात माउसवर होता आणि मुलगा हसत होता. बाबा चपला शोधू लागले.

प्रकार साधा होता. व्हिडिओतलं चित्र रंगवायचं काम ब्राउझर कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डावर सोपवतो. त्या संध्याकाळी ब्राउझर आपोआप अद्ययावत झाला आणि जुन्या कार्डाशी त्याचं जमेना. आवाजाची वाट वेगळी, म्हणून तो येत राहिला. सेटिंगमध्ये कार्डाचा वापर बंद केला की चित्र परत येतं. बाबांना एवढंच ठाऊक होतं.

काकू रडत उठल्या. "चुकलं गं माझं. बॅग आत घे."

सून हलली नाही. "मास्तरांना बटण सापडलं म्हणून ना, आई? सापडलं नसतं तर?"

तिच्या त्या प्रश्नाचा त्रास मला अजून होतो. बाबा पकडला जातो, पण त्याला आत बोलावणारे आपणच असतो. म्हणून हात जोडून सांगतो: कारण कळत नसेल तर 'कळत नाही' म्हणा आणि शोधत राहा. पण त्या न कळण्यापायी घरातल्या माणसाला दाराबाहेर उभं करू नका.