कासव काय म्हणालं

कुलसुमनं पदर डोक्यावर ओढला, पाय आखडून घेतले आणि मगच लेकाला म्हणाली,

"लाव."

"अम्मा, हा हिंदीत हाय. पसर पाय खुशाल."

"माझे पाय हायत. तू तुझं मशीन बघ."

अद्नाननं सीडी सदऱ्याला पुसून प्लेअरमध्ये सरकवली. मुंबईत फुटपाथवरच्या ढिगात ती त्याला सापडली होती. वेष्टनावर लहानपणीच्या सिनेमातली तीच मुलगी, तेच कासव. बहिणीला बरं वाटेल म्हणून त्यानं उचलली. झरीन चार दिवसांसाठी म्हणून जयगडहून माहेरी, मांडवीला आली, त्याला पंधरवडा उलटला होता. आज संध्याकाळी तिचा दीर फुजैल जीप घेऊन न्यायला येणार होता. पिशवी भरून झाली होती. दुपार कशी काढायची एवढाच प्रश्न होता.

आल्या दिवशी झरीननं नवऱ्याबद्दल आईला एकदाच सांगितलं होतं, "अम्मा, तो हात उचलतो."

कुलसुम तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली होती, "सबर कर. कासव काय म्हणालं होतं?"

झरीननं पुन्हा विषय काढला नाही.

या घरात ते कासव वीसेक वर्षं होतं. गुलाम रसूल, कुलसुमचा मरहूम नवरा, कुवेतला नोकरीला असताना त्यानं तिथल्या टीव्हीवरून हा सिनेमा कॅसेटवर उतरवून पाठवला. चित्रांचा सिनेमा, पोरांचा, पण भाषा अरबी. कुलसुमला अरबी वाचता येई, अर्थ लागत नसे. तरी कुराण ज्या भाषेत उतरलं तिच्यासमोर तंगड्या पसरून बसायचं म्हणजे काय? पोरांनी डोकी झाकून, मांडी घालून बघायचं, असा तिचा हुकूम. मध्ये जाहिराती लागल्या तरी मांडी मोडायची नाही. सुट्टीवर आलेला गुलाम रसूल हसून हसून आडवा झाला होता.

"अगो, ती साबणाची जाहिरात हाय."

"मग साबण काय नापाक असतो?"

पोरं विचारत, ती काय म्हणते, तो काय म्हणतो, आणि कुलसुम सांगे. 'मला ठाऊक नाय' असं तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. वाऱ्याच्या राजानं एक मुलगी उंच बुरुजात आणून ठेवलेली. बुरुजातल्या हौदात एक म्हातारं कासव. ते पाण्यातून मान काढी, जड पापण्या मिटी, उघडी, आणि सावकाश काहीतरी बोले. तसल्या तोंडाचं कासव सबर सोडून दुसरं काय सांगणार? "ते म्हणतं, बस बेटी. राजाचं मन आज ना उद्या पाघळेल." कॅसेट शेवटाच्या आधीच संपे, तेव्हा शेवटही कुलसुमनंच लावला. राजाचं मन पाघळलं. मग परीक्षा असो, ताप असो, बापाची सुट्टी पुढे ढकललेली असो, घरात कासवाची साक्ष निघे. अद्नान कानाआड करी. झरीन धाकटी, तिनं मनावर घेतलं.

पडद्यावर वारा सुटला. झाडांची पानं उडाली, पानांचा झगा झाला आणि झग्यात राजा उभा राहिला. झरीन पुढे सरकली. डोंगरावर ढगांची मेंढरं चरत होती. त्यातलं एक शिंकलं आणि विरघळलं, तेव्हा ती तोंडावर हात घेऊन हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"हे सगळं हातानं काढलेलं, अम्मा. एकेक लाट, एकेक पान," अद्नान म्हणाला.

"दिसतंय ना. मशीनला एवढा धीर कुठला?"

ते खरंच होतं. हल्ली टीव्हीवर लागतात ती कार्टूनं कुलसुमला प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखी वाटत. इथं मुलीचे केस वाऱ्यावर हलत ते प्रत्येक वेळी निराळे. काढणाऱ्यानं कुण्या खऱ्या मुलीकडे दिवसचे दिवस बघितलं असणार.

मग हौद आला. कासवानं मान वर काढली. आवाज बाईचा होता, म्हातारा आणि खरखरीत.

"दरवाजा अंदर से खुलता है, बेटी. तू किसकी राह देख रही है?"

मुलगी रडली, कासव बुडालं. थोड्या वेळानं पुन्हा आलं आणि अजून कडक बोललं. राजा बदलणार नाही, म्हणालं. इथं बसून माझीच पाठ दगडाची झाली, म्हणालं. त्या जड पापण्यांची उघडझाप तीच होती. पोरं तिला माया समजत आली होती. ते वैतागलेलं होतं.

अद्नानचा हात रिमोटकडे गेला.

"आवाज कमी करू, अम्मा?"

"राहू दे."

झरीननं आईकडे पाहिलं नाही. पडद्यावरच्या मुलीनं दाराला खांदा लावला. दार उघडलं. बाहेर पायरी नव्हती, नुसतं आभाळ. तिनं पाऊल टाकलं आणि वाऱ्यानंच तिला झेललं. राजा बुरुजात राहिला, लहान लहान होत गेला. घरातल्या कुणीच हे आधी पाहिलेलं नव्हतं. नावांची रांग वर सरकत गेली, ती संपेपर्यंत तिघं बसून होती.

"कासव बाई होतं होय," कुलसुम म्हणाली. आणि उठून सरबत करायला गेली.

फुजैल आला तेव्हा ती दारापुढच्या ओट्यावर बसली होती. पोरगा सरळ होता. ग्लास हातात घेऊन त्यानं आत नजर टाकली.

"भाबी तयार हायत ना, खाला? काळोखाच्या आत पोचलं पायजे."

"तयार हाय. पण येत नाय. आंबापोळी घालायची हाय, माझ्या एकटीच्यानं होत नाय."

"किती दिवस लागतील?"

"तुझ्या भावाला धाड. संगती चार वडीलधारे घेऊन ये म्हणावं. सगळ्यांसमोर बसवून सांगते त्याला, किती लागतात ते."

फुजैल ग्लासात बघत राहिला.

"घरी काय सांगू?"

"आंबापोळी सांग."

त्यानं सरबत संपवलं, सलाम केला आणि गेला. जीप वळणाआड जाईपर्यंत कुलसुम ओट्यावरून उठली नाही.

दाराआड झरीन उभी होती. यंदाची आंबापोळी कधीच वाळून, घड्या घालून डब्यात गेली होती. झाकण तिनंच लावलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, कोपऱ्यातली आंब्यांची पाटी ओढली, परात पुढ्यात घेतली आणि एकेक आंबा मऊ करून रस पिळू लागली.

कुलसुम आत आली. घडीभर बघत राहिली. मग बाह्या वर सारून तिच्यासमोर बसली.