फुलीची गिटार

हार्लोना गिटारीबद्दल लोक जेवढं बिनबुडाचं बोलतात तेवढं भुताखेतांबद्दलही बोलत नसतील, असं दुरुस्तीवाल्याचं ठाम मत होतं. भुतांबद्दल बोलणाऱ्याला निदान थोडी भीती तरी वाटते. हे लोक बिनधास्त बोलायचे आणि बोलून झालं की गिटार उचलून त्याच्याच दुकानात यायचे.

हार्लोनाचा कारखाना बंद पडून जमाना झाला होता. इलेक्ट्रिक गिटारी बनवायचा, बऱ्यापैकी बनवायचा, मग मालक कंटाळला आणि गाद्यांच्या धंद्यात शिरला. एवढीच गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीने शौकिनांचं पोट भरत नाही. त्यांच्या मते मालक कारखान्याच्या आगीत शेवटची गिटार वाचवताना जळून मेला. लाकूड म्हणे बुडालेल्या जहाजाचं होतं. ते यायचं शेजारच्या दारं-खिडक्यांच्या वखारीतून. तारांखालच्या पिकअपवर तांब्याची तार गुंडाळणारी बाई म्हणे आंधळी होती, म्हणून तिला सूर बोटांनी कळायचे. ती बाई दुरुस्तीवाल्याच्या आईची मैत्रीण. तिला रस्त्यापलीकडची बसची पाटी वाचता यायची आणि कोणाच्या घरात कोण शिरलं हे तर पडदा ओढलेला असला तरी दिसायचं. राहिला तो पिवळसर रंग, ज्याच्यासाठी मंडळी जीव टाकायची. तो मुळात पांढरा होता. बारमधल्या सिगारेटींनी पिवळा पडला.

"तुम्ही धुराची पूजा करताय," तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा.

गिऱ्हाईक हसायचं, मान डोलवायचं आणि पुढच्या खेपेला तीच थाप नवा रंग देऊन परत आणायचं. पालथ्या घड्यावर पाणी. पुरावा दाखवला तर हे लोक पुराव्याचीच पूजा सुरू करतील, असं तो आईला रोज ऐकवायचा. आई "हं" म्हणायची.

सगळ्या थापांत त्याच्या डोक्यात जाणारी थाप एकच होती, फुलीची. गिटारीची मान, म्हणजे जिच्यावर बोटं फिरतात तो लांब भाग, स्क्रू काढून उचलली की काही हार्लोनांच्या खाचेत पेन्सिलीने मारलेली फुली दिसते. ज्या गिटारीत जीव उतरला तिच्यावरच कारागीर ही खूण करायचे, असं शौकीन भक्तिभावाने सांगत. या थापेविरुद्ध त्याने 'फुलीचं खरं' नावाचा लेख लिहिला होता, सभांमध्ये घसा फोडला होता. कारण ती फुली मारणारा माणूस त्याचा बाप होता.

बाबा कारखान्यात शेवटच्या टेबलावर तपासनीस होते. खोट सापडली की मान काढायची आणि आत फुली मारायची. फुली म्हणजे नापास. ती गिटार दुकानात जायची नाही. कामगारांपैकी कोणाला हवी असेल त्याने घरी न्यावी, नाहीतर मोडीत. लोक बाबांना फुलीमास्तर म्हणायचे. मालकाच्या सख्ख्या पुतण्यासाठी बनवलेल्या गिटारीवरही त्यांनी फुली मारली होती. ही गोष्ट सांगताना दुरुस्तीवाल्याची छाती दर वेळी थोडी फुगायची. जगात एक तरी माणूस खोट्याला खोटं म्हणणारा होता आणि तो आपला बाप होता, या एका गोष्टीवर त्याचा सगळा तोरा उभा होता.

आणि एक दिवस शौकिनांच्या हार्लोना मंडळाचा अध्यक्ष एक गिटार घेऊन आला. पेशाने दातांचा डॉक्टर. गिटार वाजवायला बसला की त्याच्या पेशंटांची दया यावी असं वाजवायचा.

"फुलीची आहे," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे नापास. मग खोट दाखवा."

"दाखवतो की. त्यात काय मोठं?"

खोट शोधण्यात दुरुस्तीवाल्याचा अख्खा दिवस गेला. मान सरळ होती. तिच्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्या एका पातळीत. लाकडाला चीर नाही, पिकअप घुमत नाहीत, खुंट्या सैल नाहीत. शेवटी त्याने तारा छेडल्या आणि लगेच तळहाताने दाबल्या, कारण आवाज फार चांगला होता.

"मग?" संध्याकाळी डॉक्टरने विचारलं. "फुलीमास्तरांनी उगाच मारली?"

"बाबांना जे दिसायचं ते तुम्हाआम्हाला दिसणार नाही."

बोलला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. हे तर मंडळातल्या कोणीही बोलावं तसं वाक्य होतं.

डॉक्टरने ते अगदी मनापासून मानलं. "खरंय. पण असं करा. वडिलांना कंपनीने खूश होऊन दिलेली गिटार आहे ना तुमच्याकडे, लेखात लिहिलीय ती? तिची मान उघडा. तिच्यात फुली नसणारच. रविवारी दोन्ही शेजारी शेजारी ठेवू, वाद एकदाचा मिटेल. वडिलांचा फोटोही लावतोय आम्ही हॉलमध्ये. खाली लिहिणार, 'खोट्याला खोटं म्हणणारा माणूस'. तुमच्याच लेखातलं वाक्य आहे."

"उद्या संध्याकाळी या," दुरुस्तीवाला म्हणाला. "उघडून ठेवतो."

बाबांची गिटार त्याने कधीच उघडली नव्हती. 'बसलेली मान उठवू नये, आवाज जातो,' असं बाबा बजावायचे. हेच वाक्य गिऱ्हाइकाने म्हटलं असतं तर त्याने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. बाबांनी म्हटलं म्हणून आजवर पाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने स्क्रू काढले, मान उचलली आणि दिव्याखाली खाच धरली.

फुली होती. एक रेघ लांब, एक आखूड, बाबा किराण्याच्या यादीत आणलेल्या सामानापुढे मारायचे तशीच.

आधी त्याला वाटलं, गिटार बदलली. मग वाटलं, हरामखोर कंपनीने इतक्या इमानदार माणसाला नापास माल गळ्यात मारला. त्याने खोट शोधायला घेतली. सापडली नाही. दोन गिटारी, दोन फुल्या आणि खोट कुठेच नाही. तो तसाच स्वयंपाकघरात गेला. आई शेंगा सोलत बसली होती.

"आई, बाबांना ही गिटार कंपनीने दिली होती ना?"

"कंपनी कसली देतेय? कंपनी साधा चहा द्यायची नाही."

"मग?"

"मग काय, आणली त्यांनी. फुली मारून."

"म्हणजे हिच्यात खोट होती?"

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू दुधखुळं पोर समोर उभं आहे. "अरे, भाजी निवडणारा माणूस स्वतःच्या घरी नासकी नेतो का? हातात आलेली जी सगळ्यात चांगली, तिच्यावर फुली. फुली पडली की घरी न्यायला मोकळे. ते त्या टेबलावरचे सगळेच करायचे. एक ह्याच्यासाठी, एक त्याच्या मेव्हण्यासाठी."

"आणि खरंच खोट असायची ती?"

"ती जायची दुकानात. कोणाला कळतंय?"

त्याने स्टूल ओढलं आणि बसला. "मालकाच्या पुतण्याची गिटार?"

"तीच ही. पुतण्यासाठी म्हणून जीव ओतून केली होती सगळ्यांनी. तुझे बाबा घरी येऊन म्हणाले, त्या ठोंब्याला काय करायचीय? आपला पोरगा जेवत नाहीये गिटार हवी म्हणून." आईने एक शेंग दाबून फोडली. "तू ताटावरून उठायचास. आठवत नसेल तुला."

"ही चोरी आहे, आई."

"चोरी तर चोरी. तुझ्यासाठी केली. त्यांनी स्वतः एक तार छेडली नाही कधी."

"मला एवढी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू सांगतोस, आम्ही ऐकतो."

ती रागावून बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. ज्या मूर्खांना तो आजवर झोडपत आला ते बरोबर होते. फुलीची हार्लोना खरंच सगळ्यात चांगली होती. जहाज, आंधळी बाई, आग असल्या थापा मारता मारता गाढवांचा एक पाय नेमका खऱ्यावर पडला होता आणि तो, एकटा शहाणा, सभासभांतून बापाची थाप विकत हिंडला होता. त्याला बाबांचा संताप आला. मग ताटावरून उठणाऱ्या त्या पोराचा आला. बाबा हयात असते तर भांडता तरी आलं असतं.

गप्प राहणं सोपं होतं. मान पुन्हा बसवायची, स्क्रू आवळायचे, 'आत फुली नाही' म्हणायचं. बाबांचा फोटो हॉलमध्ये लागला असता. पण लोकांच्या थापा उघड्या पाडणाऱ्याने घरची थाप झाकायची, तर मग त्याच्यात आणि त्या पिवळ्या धुराच्या भक्तांत फरक काय राहिला?

संध्याकाळी डॉक्टर आला. दुरुस्तीवाल्याने उघडी खाच त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. पुतण्या, मेव्हणे, दुकानात गेलेला खोटा माल, सगळं. "चोर होते माझे बाबा," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर होतात. फुलीचीच चांगली."

डॉक्टरने दिवा ओढून ती फुली जवळून पाहिली. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"पेन्सिल तुमच्याच टेबलावर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काल मी म्हटलं मान उघडा, आज आत फुली. तुम्ही आम्हाला मूर्ख समजता हे माहीत आहे मला. आमची टिंगल करा, आम्हाला सवय आहे. पण त्यासाठी स्वतःच्या बापाला चोर म्हणाल? फुलीमास्तरांना?"

"अहो, आईला विचारा!"

"त्या माउलीला कशाला यात ओढता?" डॉक्टरने आपली गिटार पेटीत घातली. "तुमचा लेख आम्ही नव्या सभासदांना वाचून दाखवतो. लोक डोळे पुसतात. रविवारी फोटो लागणार. तुम्ही आलात तर ठीक, नाही आलात तरी लागणार."

दार आपटलं. दुरुस्तीवाल्याने टेबलावरची पेन्सिल उचलून खणात टाकली. जन्मभर ज्या जातीच्या माणसांना तो हसला, त्यांच्यातला एक अस्सल भक्त त्याने स्वतःच्या हाताने घडवला होता, आणि काम इतकं पक्कं झालं होतं की आता त्याला स्वतःलाही ते मोडता येत नव्हतं.

"गेला का तो?" आतून आईने विचारलं.

"गेला."

"ऐकलं का?"

"नाही."

"मग लाव ती मान परत. एवढी उघडलीच आहेस तर वाजव तरी."

त्याने मान बसवली, तारा चढवल्या, सूर लावला. वाजवताना सवयीने कान खोटच शोधत होते. मान उठवूनही आवाज आधीसारखाच होता, तसूभरही गेला नव्हता. म्हणजे बाबांनी तेही खोटंच सांगितलं होतं. त्याने कधी आत बघू नये म्हणून.