दफनाची ओळ

"दफन कुठं आणि किती वाजता?" छपाईच्या दुकानातल्या बाईने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. निधनाच्या पत्रकात बाबांचा फोटो, नाव, वय, सगळं बसलं होतं. शेवटची ओळ तेवढी राहिली होती.

"दफन नाही," नेवेना म्हणाली.

"आहे! चार वाजता, लिही गं तू," दोना आत्या मागून ओरडली. "कुत्र्यालासुद्धा खड्डा मिळतो. माझ्या भावाला नको?"

बाई हात आवरून बसली. दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवायची असली हजारो पत्रकं तिने बल्गेरियातल्या या प्लोवदिव शहरात छापून दिली असतील, पण या ओळीवरून भांडण तिच्याही पाहण्यात नसावं.

नेवेनाच्या बाबांनी, लाम्ब्रींनी, एकतीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरात काम केलं. दान आलेली शरीरं धुवायची, औषध भरून टिकवायची, विच्छेदनासाठी टेबलांवर मांडायची. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचंही शरीर तिथेच लिहून दिलं. मात्र घरातल्या एकानेही हरकत घेतली तर तिथला शरीररचना विभाग शरीर नेत नसे. दोन वाजता विभागाची गाडी येणार होती. आत्याचा एक फोन पुरेसा होता. आणि तो तिने करावा, आपल्यावर काही ठरवायची वेळच येऊ नये, असं नेवेनाला सकाळपासून मनातून वाटत होतं.

"मेणबत्ती कुठं लावू मी? फुलं कुठं ठेवू? तुला काय, तुझी तत्त्वं."

"तत्त्वं त्यांची होती, आत्या. माझी नाहीत."

आत्या स्टुलावर बसली. तिने हलक्या आवाजात विचारलं, "कशी असतात गं ती डॉक्टरकी शिकणारी पोरं? खिदळतात का?"

"पहिल्या दिवशी कुणी खिदळत नाही. एखादा चक्कर येऊन पडतोच. बाबा त्याला पाणी द्यायचे आणि त्याचा हात धरून टेबलावरच्या माणसाच्या खांद्यावर ठेवायचे. म्हणायचे, 'हिमतीचं काम यांनी केलंय, लेका. तुला फक्त शिकायचंय.'" नेवेनाला आणखी एक आठवलं. "एकाने टेबलावर मृताच्या पायांपाशी आपली पिशवी टेकवली, तर बाबांनी त्याला बाहेर काढलं. तो प्राध्यापकांचा पुतण्या निघाला."

"तरी काढलं?"

"तरी."

"असाच होता मेला. माझ्या लग्नात सासऱ्याला सिगारेट विझवायला लावली होती यानं, भर चर्चच्या पायरीवर." आत्या हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "आता कुणी पिशवी टेकवली तर ओरडणार कोण?"

आत्याने नाक पुसलं आणि बाईकडे वळून म्हणाली, "ती ओळ कोरी ठेव. आणि फोटो जरा मोठा कर. नाक नीट आलं नाही त्याचं."

दोनला गाडी आली तेव्हा आत्याने फोनला हातही लावला नाही.

ऑक्टोबरात वर्ग सुरू व्हायच्या आधी तिने नेवेनाला विभागात फोन करायला लावला. लाम्ब्री कोणत्या टेबलावर असतील, ते सांगता येत नाही, असं उत्तर आलं. विद्यार्थ्यांनाही नावं कळत नाहीत.

"बरं. टेबलं किती?" आत्याने नेवेनाला विचारलं.

"सहा."

"एकेका टेबलाला पोरं किती?"

"आठ."

पहिला वर्ग सुटायच्या वेळी दोघी तळघराच्या दाराशी उभ्या होत्या. टोपलीत अठ्ठेचाळीस कागदी कप होते आणि प्रत्येकात, गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात ते उकडलेले गहू, अक्रोड आणि वर पिठीसाखर. मुलं बाहेर आली. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. एक उंच मुलगी आत्यापुढे थांबली.

"कुणाच्या नावानं, आजी?"

भावाचं नाव आत्याच्या ओठांवर आलेलं नेवेनाला दिसलं.

"सगळ्यांच्या," आत्या म्हणाली. "आतल्या सहाही जणांच्या."

मुलीने हात धुतलेले होते. तरी तिने ते कोटाला पुन्हा एकदा पुसले, आणि मग कप घेतला.