झाडलेले जंगल

बोरीवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागे सागाचा एक उतार आहे. तो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर येतो, म्हणून तिथे वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आला आणि आम्ही हरकत घेतली. ही जमीन जंगल आहे की नुसती मोकळी जागा, हे तपासण्यासाठी जान्हवी नावाची कीटक-अभ्यासक नेमली गेली. तिने पद्धत आधीच समजावून सांगितली होती. जमिनीत काठापर्यंत पेले पुरायचे, तळाशी मिठाचे पाणी ठेवायचे आणि रात्रभरात काय पडते ते पाहायचे. पाचोळ्याखाली राहणारे भुंगेरे सापडले तर जमीन जिवंत; केवळ घरातल्या मुंग्या-झुरळे सापडली, तर झाडे उभी असूनही जंगल संपलेले. मी आयुष्यभर यंत्रांची तपासणी केली आहे. मला ही कसोटी पटली.

ती येण्याच्या आदल्या दिवशी मी मुलुंडला मुलीकडे गेलो होतो. परतलो तेव्हा उतार अंगणासारखा लख्ख होता. आमचा सेक्रेटरी श्यामसुंदर याने माणसे लावून सगळा पाचोळा झाडून नेला होता, तपासणीला येणाऱ्यांना काही चावू नये म्हणून कीटकनाशक फवारले होते आणि सागाच्या खोडांना गेरू-चुना लावला होता. फाटकावर स्वागताचा फलक होता.

जान्हवीने सांगितलेले ऐकले नव्हतेस का, असे मी त्याला विचारले. ऐकले होते म्हणाला. पण बाहेरची माणसे येणार आणि आपण कचरा दाखवायचा, हे त्याला बरे दिसेना.

जान्हवीने तरीही पेले पुरले. दुसऱ्या सकाळी त्यांत थोड्या मुंग्या आणि एक झुरळ होते. श्यामसुंदरने मला बाजूला घेतले.

"अरे, उद्यानातून चार भुंगेरे आणून टाकू ना यार. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय. जमीन तू मारलीस, आता ती जिवंत असल्याचा खोटा दाखलाही तूच देणार?"

"किड्यांपायी मला बोलतोस? आपण एकाच बाजूचे ना रे?"

"म्हणूनच बोलतोय. वाहनतळवाल्यांनी हे केलं असतं तर मी इतका चिडलो नसतो."

सापडले तेच लिहावे लागेल, असे जान्हवीने स्पष्ट केले. झाडलोट आणि फवारणी यांची नोंद ती करणार होती, आणि सुनावणीपूर्वी पेले पुन्हा एकदा लावता येणार होते.

"काका, तोवर इथलं एक पानही उचलायचं नाही," ती म्हणाली.

झाडू आणि फवारणीचा पंप ज्या खोलीत ठेवतात, तिचे कुलूप मी त्याच दुपारी बदलले.

पुढच्या आठवड्यात श्यामसुंदर उतारावर आला आणि किल्ली मागू लागला. खोली सोसायटीची आहे, तुझ्या बापाची नाही, असे त्याने सुनावले. सर्वसाधारण सभा बोलाव, असे मी सांगितले. तेवढ्यात सागाचे एक मोठे वाळलेले पान आमच्या दोघांच्या मध्ये येऊन पडले. तो बोलता बोलता सवयीने वाकला.

"हात लावू नकोस," मी म्हणालो.