अंडी पारखणारी डेचकी

मित्रांनो, खुराड्याशेजारच्या ओट्यावर पालथी घातलेली जी काळपट तांब्याची डेचकी तुम्हाला दिसते, ती मी. माझा काठ एका बाजूने चेपलेला आहे आणि आतली कल्हई पार उडाली आहे. मला बघून तुम्ही नाक मुरडलंत तरी मी रागावणार नाही, पण थोडा वेळ बसा. माझं आयुष्य मला फार आवडलं, आणि ते कुणाला तरी सांगावं असं बरेच दिवस मनात आहे.

माझा जन्म बीडला एका तांबटाच्या हातून झाला. तेव्हा आमच्या मुलखावर निजामाचं राज्य होतं. तांबटाने मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठोकलं. त्या वेळी मी मनातल्या मनात त्याला पुष्कळ नावं ठेवली. पण त्याच्या ठोक्यांनीच माझं पोट गोल झालं, म्हणून आता त्याचं नाव मी आदरानेच घेते. पुढे आमिनाबीच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला इतर भांड्यांबरोबर दिलं, आणि मी पाटोद्याला आले.

पहिली काही वर्षं मी चुलीवरची राणी होते. माझ्यात खिचडी शिजायची, डाळ शिजायची, ईदला शेवया शिजायच्या. पाहुणे बोटं चाटत आणि आमिनाबीचं कौतुक करत. मला वाटायचं, कौतुक माझंच चाललंय. एकदा युसूफ वडगाव या गावी नातेवाइकांकडे जाताना बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं आणि मी दगडावर पडले. काठ चेपला. मग झाकण नीट बसेना, वाफ निघून जायची आणि भात कच्चा राहायचा. तांबटाकडे न्यायचं, न्यायचं म्हणत राहून गेलं. शेवटी मी अंगणात आले आणि माझ्यात कोंबड्यांसाठी पाणी भरलं जाऊ लागलं. कोंबड्या माझ्यात चोच बुडवून मान वर करायच्या, तेव्हा हेच बघायचं राहिलं होतं, असं मला वाटायचं. मी बरेच दिवस रुसून बसले. माझ्या रुसण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पुढे आमिनाबीचा नवरा वारला. पदरात सायरा नावाची लहान मुलगी. आमिनाबीने कोंबड्या वाढवल्या, आजूबाजूच्या घरांतूनही अंडी गोळा करायला सुरुवात केली आणि पाटोद्याच्या आठवडी बाजारात टोपली घेऊन बसू लागली. पण मित्रांनो, अंडं वरून सारखंच दिसतं. कालचं कुठलं आणि महिन्याचं कुठलं, हे टरफल सांगत नाही, आणि विकणारी बाई तर मुळीच सांगत नाही. तेव्हा एके दिवशी आमिनाबीने मला राखेने घासलं, गार पाण्याने भरलं आणि एक अंडं अलगद आत सोडलं. त्या दिवसापासून माझे बरे दिवस पुन्हा सुरू झाले.

ताजं अंडं माझ्या तळाशी जाऊन आडवं झोपायचं. आठवड्याभराचं झालं, की त्याची बोथट बाजू जराशी उचलायची. आणखी जुनं झालं, की ते टोकावर उभं राहायचं. आणि फारच जुनं असलं, की वर तरंगायचं. ते तरंगणारं आमिनाबी सरळ उकिरड्यावर टाकायची. असं का होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पुढे शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, की टरफलाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून आतला ओलावा हळूहळू उडतो आणि हवा शिरते. मला ते ऐकून बरं वाटलं, कारण तोवर मला वाटत होतं, की ही सगळी माझीच हुशारी.

आमिनाबी सगळीच अंडी पाण्यात घालत नसे. प्रत्येक घरच्या अंड्यांतलं एखादं घालायची, आणि भिजलेलं अंडं विकायची नाही. ते त्याच दिवशी घरी शिजायचं. विकायच्या अंड्यांवर ती कोळशाने खूण करायची. या बाजाराला एक रेघ, पुढच्या बाजाराला दोन. मागच्या आठवड्याचं अंडं नव्यात मिसळायला नको, म्हणून. तिच्या टोपलीतलं अंडं लोक न बघता घेत. शेजारी सीताफळं विकणारा नबी तिला चिडवायचा, की आपा, तू अंडी विकतेस का इमान विकतेस, तेच कळत नाही.

मग ते मानमोडीचं साल आलं. त्या तापाने घरंच्या घरं झोपवली. लिंबागणेशच्या वाटेवरच्या एका वस्तीत केसरबाई नावाची शेतकरी बाई होती. तिची सून मंजुळा त्या तापातून उठली खरी, पण भिंत धरल्याशिवाय चालता येईना. मांडीवर तान्हं लेकरू आणि अंगात दूध नाही. दवाखान्यातल्या माणसाने केसरबाईला सांगितलं, की हिला रोज एक अंडं दुधात फेटून द्या, नाहीतर हिचं काही खरं नाही.

केसरबाईच्या घरात कधी अंडं शिरलं नव्हतं. तरी ती बाजाराला आली, तोंड बाजूला करून आमिनाबीकडून सात अंडी घेऊन गेली. पुढच्या बाजाराला आणखी सात. सुनेवर तिचा फार जीव होता, हे त्यावरूनच समजा.

तिसऱ्या बाजाराला ती आली, ती आमिनाबीसमोर उभी राहूनच बोलू लागली. पाच अंडी तिने मातीवर ठेवली. म्हणाली, "परवापासून माझ्या सुनेला उलट्या आन् जुलाब लागलेत. तुज्या अंड्यानं. लेकराच्या तोंडाला दुधाचा थेंब न्हाई. काहून केलंस बाई असं?"

भोवती माणसं जमली. आमिनाबी मला बाजारालाही बरोबर आणायची. तिने मला पाण्याने भरलं आणि ती पाच अंडी एकेक करून माझ्यात सोडली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझंच भय वाटलं. एक अंडं आडवं पडलं. एकाची बाजू उचलली. दोन उभी राहिली. आणि एक सावकाश वर आलं आणि तरंगत राहिलं. आमिनाबीने ते फोडलं, तेव्हा पुढची माणसं नाकाला फडकं लावून मागे सरली.

त्या अंड्यांवर कोळशाची रेघ नव्हती. नबीने ते आधी पाहिलं. तो खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आपा, निशानी नई इनपे. मेरे अंडे नई बोल दो, बात खतम." खरंच, एवढंच म्हटलं असतं तर बात तिथेच मिटली असती. रेघ नाही म्हणजे अंडी दुसऱ्या कुणाची, हे बाजारातल्या कुणीही मान्य केलं असतं. पण त्यांतलं लांबट, तांबूस अंडं तिच्या लंगड्या कोंबडीचं होतं. ते तिने ओळखलं होतं, आणि मीही ओळखलं होतं.

"अंडी माजीच हायेत," आमिनाबी म्हणाली.

ती तसं म्हणाली आणि गर्दीत कुजबुज सुरू झाली. सकाळी अंडी नेलेल्या दोन बायका परत येऊन ती टोपलीत ठेवून गेल्या. आमिनाबीने टोपलीवर फडकं टाकलं, मला बगलेत मारलं आणि ती केसरबाईच्या मागे चालू लागली. केसरबाईचा मुलगा शहादेव गाडी जुंपून उभा होता. केसरबाई आमिनाबीला गाडीत बस म्हणाली नाही, आणि ती चढून बसली तेव्हा उतरही म्हणाली नाही. वाटभर मी आमिनाबीच्या मांडीवर होते.

वस्तीवर पोचल्यावर आमिनाबी आधी मंजुळाला बघून आली. मग तिने एवढंच विचारलं, की अंडी ठेवली होती कुठे. केसरबाईने गोठ्यातला एक कोनाडा दाखवला. अंडी उंबऱ्याच्या आत घ्यायची नाहीत, म्हणून तिने त्यांना तिथे जागा दिली होती. आमिनाबीने कोनाड्याच्या भिंतीला हात लावला. भिंत कोमट होती. पलीकडून अंघोळीच्या पाण्याचं चुलवण टेकलेलं होतं, आणि ते दिवसातून दोनदा पेटायचं.

"आन् माजी निशाणी कुठं गेली?" आमिनाबीने विचारलं.

"धुऊन घेते की मी," केसरबाई म्हणाली. "हळदीच्या पाण्यानं. न धुता कसं ठेवायचं?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मंजुळाला अंड्याची शिसारी यायची. काही दिवस ती नको म्हणून तोंड फिरवायची आणि ते अंडं कोनाड्यातच राहायचं. केसरबाई जुनं टाकत नव्हती, त्यातच नवं ठेवत होती. रेघ धुऊन गेल्यावर कुठलं आधीचं, हे कुणाला कळणार? धुतल्याने टरफलाला राखणारं वरचं पातळ आवरण गेलं, उबेने आतला माल बिघडला, आणि तेच अंडं कच्चं दुधात गेलं. बिचारीने सुनेसाठी घर बाटवायचं नाही आणि सुनेला जगवायचंही, अशी दोन्ही कामं एकदम करायचं ठरवलं होतं. त्यात कुणाचं पाप नव्हतं, मित्रांनो, पण मंजुळा मात्र आत निपचित पडली होती.

आमिनाबी केसरबाईला लागेल असा एक शब्द बोलली नाही. पोट बसेपर्यंत अंडं अजिबात देऊ नका, तांदळाची पेज द्या, मीठ-गुळाचं पाणी घोट घोट पाजा, आणि फरक पडला नाही तर गाडी जुंपून दवाखाना गाठा, असं तिने सांगितलं. पुढे अंडं द्याल तेव्हा ते धुवून ठेवू नका, कोंड्याच्या टोपलीत गार जागी ठेवा. खायच्या वेळी याच डेचकीत बघा, मग चांगलं घट्ट उकडा, कच्चं नको. एवढं सांगून तिने मला गोठ्याच्या ओट्यावर ठेवलं आणि ती पायी पाटोद्याला निघाली. लगेच तिच्यामागे शहादेवने गाडी वळवली, ते बरं केलं.

चार दिवसांत मंजुळाचं पोट बसलं. आमिनाबीने शहादेवच्या हाती नवी सात अंडी पाठवली, प्रत्येकावर काळी रेघ. आता ती ठेवायची कुठे? गोठा गवती छपराचा, दुपारी तापायचा. त्या धाब्याच्या घरात गार जागा एकच होती, आतल्या खोलीत पाण्याच्या रांजणाशेजारी. केसरबाई टोपली घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बराच वेळ उभी होती. आतून लेकराचं रडणं आलं, तसा तिने पाय उचलला आणि टोपली आत नेली. मागे वळून तिने मलाही उचललं.

महिनाभर मी त्या घरात राहिले. रोज सकाळी केसरबाई माझ्यात एकच अंडं सोडायची, त्या दिवशीचं. सुरुवातीला ती दोन बोटांनी धरायची. नंतर पूर्ण मुठीत धरू लागली. अंडं तळाशी आडवं झालं, की ती मंजुळाला हाक मारायची, "लई चांगलं हाय, ये बघाया." मंजुळा आधी भिंत धरून यायची, मग भिंत सोडून यायची. तिच्या लेकराचं पोट भरू लागलं आणि रडणं कमी झालं. मित्रांनो, मी राजांची पंगत पाहिली नाही, पण हे पाहिलं. याबद्दल मी देवाचे आणि दोन्ही घरांचे आभार मानते.

इकडे पाटोद्याला मात्र आमिनाबीची टोपली भरलेली येत होती आणि भरलेलीच परत जात होती. तिने कुणालाही खरी हकीकत सांगितली नव्हती. नबीने विचारलं तर म्हणायची, त्यांच्या घरचं बाहेर कशाला बोलायचं. हे सगळं मला नंतर कळलं.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी केसरबाई मला घेऊन पाटोद्याला आली. माझ्यात तिने काठोकाठ ज्वारी भरली होती. बरोबर मंजुळा होती, आपल्या पायांनी चालणारी, कडेवर लेकरू. बाजार भर रंगात होता. केसरबाईला मला हळूच ठेवून, दोन शब्द कानात बोलून निघून जाता आलं असतं. ती आमिनाबीसमोर उभी राहिली, त्याच जागी, आणि मागच्या वेळेइतक्याच मोठ्या आवाजात बोलली.

"त्या दिशी मी चार मान्सांत बोललते, आज बी चार मान्सांतच बोलते. अंडी चांगली व्हती. ठेवनारी मी चुकले. ह्या बाईनं माजं नाव कुनापाशी काढलं न्हाई, आन् माजी सून वाचवली."

नबी सीताफळं मांडायचं सोडून बघत राहिला. आमिनाबी पदर डोळ्यांना लावून बसली होती. तेव्हा मंजुळाच खाली बसली आणि टोपलीतली अंडी स्वतःच्या पदरात मोजून घेऊ लागली. तिच्या मागे दुसरी बाई वाकली, मग तिसरी. दुपारच्या आत टोपली रिकामी झाली.

आता त्याला पुष्कळ वर्षं झाली. आमिनाबी राहिली नाही. सायराच्या घरी मी अजून कधीतरी पाण्याने भरली जाते. मित्रांनो, माझं एवढं ऐका. अंडी धुवून साठवू नका. गार जागी ठेवा, जुनी आधी वापरा. संशय आला तर पाण्यात बघा, आणि पाण्याने बरं म्हटलं तरी वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या, कारण पाणी फक्त अंड्याचं वय सांगतं. मग नीट शिजवून खा. आणि कधी तुमच्याकडून कुणावर खोटा आळ घेतला गेलाच, तर ज्या जागी तो घेतलात त्याच जागी परत जा, आणि तेव्हा आवाज लहान करू नका.