एका दुखण्याची दोन ताटं

आमच्या घरात साखर दोघांना आहे, यांना आणि सासूबाईंना. तेवढ्यावर भागलं असतं तर मी देवाकडे तक्रार केली नसती. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यांच्या किडनीतून प्रोटीन झिरपायला लागलंय, तेव्हा खाण्यातलं प्रोटीन मापात ठेवा. अंडी-मासे-डाळीचा मारा नको. आणि त्याच खुर्चीतून, त्याच दिवशी, सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, आजींच्या पायातलं मांस उतरत चाललंय, किडनी ठणठणीत आहे, त्यांचं प्रोटीन वाढवा, नाहीतर एक दिवस पडतील.

घरी येईपर्यंत सासूबाईंचा निकाल तयार होता. दुखणं एक, मग दोन न्याय कसे? धाकटे दीर फोनवर म्हणाले, वहिनी, प्रोटीनने साखर वाढत नाही, दादाला हवं तेवढं खाऊ दे. शेजारीण म्हणाली, साखरेच्या माणसाला अंडं म्हणजे विषच. ज्याला त्याला तोंड होतं. चुलीपाशी मात्र मी एकटी.

रात्रीच्या जेवणाला मी दोन ताटं वेगळी वाढू लागले. सासूबाईंना अंडं आणि वाटीभर डाळ, यांना भाजी जास्त, डाळ थोडी, अंडं नाही. हे सुतार. दिवसभर रंधा मारून घरी येतात, ताटाकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. मला वाटायचं, समजूतदार माणूस आहे.

पुढच्या तपासणीला यांची किडनी आणखी बिघडलेली निघाली, आणि सासूबाईंचं वजन घटलेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला विचारलं, ताटं उलटी तर वाढत नाही ना? मी मोजून वाढणारी बाई. कानशिलं तापली माझी. हे नखातला भुसा काढत बसले होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना म्हणायची हा माझा नेम, लग्नाआधीपासूनचा. घास थंड झाला तरी चालेल, प्रार्थना अर्धी सोडत नाही. त्या रात्री मधेच चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला. एकदा दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा, देवा क्षमा कर, मी डोळे उघडले.

सासूबाईंचं अंडं चमच्यात बसून निघालं होतं. आणि यांचे डोळे भक्तिभावाने मिटलेले, ताट मात्र पुढे सरकवलेलं.

"आई, हे काय चाललंय?"

"तुझी प्रार्थना झाली का आधी?" सासूबाईंनी मलाच विचारलं. चमचा तसाच अधांतरी.

मग बरंच बोलणं झालं. मुलगा अर्धपोटी जेवताना आईच्या घशाखाली अंडं उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिचं मन मोडवत नाही, असं यांचं.

"मन मोडायचं नाही म्हणून किडनी मोडायची?" मी म्हटलं. आवाज चढवायची सवय नाही मला, पण शब्द दात आवळूनच आले. "आणि आई, तुम्ही पडलात तर उचलायला हेच येणार ना? ते तोवर धडधाकट राहायला नकोत?"

सासूबाईंनी अंडं आपल्या ताटात परत ठेवलं, पण खाल्लं नाही. तेव्हा मला कळलं की नुसतं दटावून हे जमायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दवाखान्यात गेले आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. यांनी अंडं खायचंच नाही का? डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, दिवसाचं माप राखलं की झालं, ते कशातून भरायचं हे तुम्ही ठरवा. एक अंडं घेतलं तर त्या जेवणाला डाळ नको, इतकंच. हे आधी सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का, असं मनात आलं. नमस्कार करून निघाले.

आता रात्री यांच्या ताटातही एक अंडं असतं, डाळीची वाटी नसते. सासूबाईंकडे दोन्ही. हे पहिला घास घेतात तेव्हा त्या टक लावून बघतात आणि मग आपलं अंडं फोडतात.

तरी प्रार्थनेच्या वेळी मी त्यांचा उजवा हात धरून बसते. त्यांना वाटतं, सुनेची माया वाढली.